परबबाईंची वाढ

"एवढी वाढ वाढून ठेवलीयस, जेवायला किती माणसं येणार आहेत गं?"

परबबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. मी नवीन होते. अंधेरीला एमआयडीसीत, खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या गाळ्यात आमची भाषांतराची कंपनी होती. कंपन्यांचे वार्षिक अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, तेला-शाम्पूच्या बाटल्यांवरचा मजकूर, जे येईल ते इंग्रजीतून मराठी-गुजराती-हिंदीत करून द्यायचं. गाळ्याला खिडकी नव्हती. बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, ते आत फक्त चहावरून कळायचं.

माझ्या पुढ्यात एका कंपनीच्या अध्यक्षांचं मनोगत होतं. त्यात दर दुसऱ्या ओळीला 'ग्रोथ' होता आणि मी इमानदारीत प्रत्येक ठिकाणी 'वाढ' लिहीत गेले होते. कंपनीची वाढ, बाजारपेठेची वाढ, कर्मचाऱ्यांची वाढ. मागून हे वाक्य आलं तेव्हा मी दचकून वळले. ठेंगणीशी, सावळी बाई. कॉटनचा पंजाबी ड्रेस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, केसांच्या बुचड्यात खोचलेली पेन्सिल. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या.

"कंपनीची भरभराट होते. विक्री वाढते. माणसाची प्रगती होते. पोराची वाढ होते, दाढी वाढते, रान माजतं, पाण्यात शेवाळ धरतं. इंग्रजीत सगळ्याला ग्रोथ. त्यांचं भागतं. आपल्याला आधी विचारावं लागतं, काय वाढलंय, कुणाचं वाढलंय, आणि ते कुणाला हवं होतं का."

मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "घाबरू नकोस. पहिल्या महिन्यात सगळ्यांची वाट लागते."

वासंती परब. एम. ए. इंग्रजी, फर्स्ट क्लास. तेव्हा पन्नाशी ओलांडून काही वर्षं झाली असतील. त्यांचं इंग्रजी ऐकून नवीन माणूस चकित व्हायचा. कॉन्व्हेंटचं तोंडही न पाहिलेल्या या बाई रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून उच्चार शिकल्या होत्या, आणि फोनवर दिल्ली-बंगलोरच्या माणसांशी बोलताना त्यांचा आवाजच बदलायचा. फोन ठेवला की लगेच, "यार, डोकं खाल्लं या माणसाने." मराठी वाक्य जमलं की नाही हे त्या वाचून ठरवत नसत. ओठांतल्या ओठांत पुटपुटून ठरवत. सबंध दिवस त्यांच्या टेबलाकडून जपासारखा आवाज यायचा. वाक्य बरोबर बसलं की पेन्सिल बुचड्यातून काढून पुन्हा खोचायची. एवढाच त्यांचा उत्सव.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संध्याकाळी आम्ही सगळे पळत सुटायचो. परबबाई निघायच्या नाहीत. ड्रॉवर आवरायच्या, डबा पुन्हा धुवायच्या, उद्याची फाइल उघडून बसायच्या. शिपाई किल्ल्या वाजवायला लागला की मगच उठायच्या. मला वाटायचं, कामावर काय निष्ठा आहे बाईंची! तशी ती होतीच. पण उशिरा निघण्याचं कारण वेगळं होतं, ते मला पुढे कळलं.

आमचे मालक मेहुलभाई. माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याशा व्यवस्थापनाच्या शिबिराला जाऊन आला आणि आमच्या मुलाखती घ्यायला लागला. प्रत्येकाला आत बोलवायचं, पंखा कमी करायचा आणि विचारायचं, "पुढच्या पाच वर्षांत तुमची ग्रोथ तुम्ही कुठे बघता?" परबबाई आत जाऊन आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला तो सबंध संवाद करून दाखवला.

"मी म्हटलं, मेहुलभाई, कुठली ग्रोथ? उंचीची शाळेतच थांबली. केसांची उलटी चाललीय. चष्म्याचा नंबर तेवढा नेमाने वाढतोय, त्याचं काही इन्क्रिमेंट देता का?"

आम्ही पोट धरून हसलो. मेहुलभाईसुद्धा हसले होते म्हणे. नंतर बेसिनवर त्यांच्या शेजारी मी डबा धूत होते, तेव्हा नळाकडे बघतच त्या म्हणाल्या, "प्रश्न मात्र बरोबर होता त्याचा."

एका शनिवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. "तिसऱ्यांचं कालवण करतेय, शिंपल्यांचं. तुम्हा मुलुंडवाल्यांना कोण देतं तिसऱ्या? ये." घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या उतारावरच्या बैठ्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत त्यांचं घर होतं. वरचा मजला, दोन खोल्या, एक लाकडी दार आणि त्याच्या पुढे लोखंडी जाळीचं आणखी एक दार. बेल वाजवल्यावर आत तीन कड्या निघाल्याचा आवाज आला. कड्या काढल्या त्या त्यांच्या मोठ्या भावाने, दादांनी.

दादा म्हणजे उंच, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या बनियनमधला माणूस. विक्रोळीच्या कारखान्यात होते, तो बंद झाल्यापासून घरी. मी आत येताच त्यांनी तिन्ही कड्या पुन्हा लावल्या. मला म्हणाले, "बस, पोरी. आमची वासू एम. ए. आसा. इंग्लिश. फर्स्ट क्लास. माहीत आसा मा?" मी हो म्हटलं. त्यांनी मला भिंतीवरचा तो फोटोही दाखवला. काळा झगा घातलेल्या तरुण परबबाई, आणि शेजारी नवीन शर्टातले दादा. बहिणीपेक्षा त्यांचीच छाती जास्त फुगलेली.

मग जेवायला बसलो. दादा पाटावर बसले, हात धुतलेले, समोर रिकामं ताट. मान वर न करता म्हणाले, "वाढ."

एवढंच. रागाने नाही, प्रेमानेही नाही. दिव्याचं बटण दाबावं तसं. परबबाई उठल्या आणि वाढायला लागल्या. ऑफिसात दिल्लीच्या साहेबांना फोनवर गप्प करणारी बाई भावाच्या ताटात भात वाढताना इतकी लहान दिसत होती की मी माझ्या ताटात बघत राहिले. जेवण होईपर्यंत तो शब्द कितीदा तरी आला. आमटी वाढ. सोलकढी वाढ. त्या बसल्या त्या सगळ्यांचं झाल्यावर.

मला रिक्षापर्यंत सोडायला त्या खाली आल्या. उतरताना माझ्या मनात काय चाललंय ते त्यांनी ओळखलं असावं.

"तुला वाटलं असेल, काय माणूस आहे हा."

"नाही हो."

"वाटू दे. मलाही वाटतं." त्या जिन्याच्या कठड्याला टेकल्या. "बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीला होते. दादा कॉलेजात होता, हुशार होता माझ्यापेक्षा. त्याने कॉलेज सोडलं आणि कारखान्यात लागला. मला म्हणाला, तू शीक. मी शिकले. माझ्या प्रत्येक पुस्तकावर त्याचा ओव्हरटाइम आहे, मुग्धा. मग मला दिल्लीला सरकारी अनुवादकाची नोकरी लागली. त्याने एकच वाक्य म्हटलं, आईला कोण बघणार? मी गेले नाही. माझं लग्न झाल्याशिवाय तो स्वतःचं करणार नव्हता, आणि मला आलेलं एकही स्थळ त्याला पसंत पडलं नाही. आई गेली. आम्ही दोघं राहिलो. त्याने मला शिकवलं म्हणून मी बोलू शकते, आणि त्यानेच शिकवलं म्हणून त्याला काही बोलू शकत नाही."

"चाळीत दार दिवसभर उघडं असायचं गं," रिक्षात बसताना मला म्हणाल्या. "इथे आल्यापासून तो कड्या लावतो. माझ्या काळजीने."

परबबाई संध्याकाळी उशिरा का निघतात हे मला त्या दिवशी समजलं. तो बिनखिडकीचा गाळा ही त्यांची मोकळी जागा होती.

पुढच्या वर्षी मेहुलभाईंनी भाषांतर करणारं सॉफ्टवेअर आणलं. आता मजकूर यंत्र करणार, आम्ही तो नुसता वाचून दुरुस्त करायचा. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं आणि बाईंचं पुटपुटणं बंद झालं, कारण पुटपुटायला वेळच उरला नाही. अशातच एका हॉस्पिटलचं काम आलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला द्यायची माहितीपुस्तिका. यंत्राने लिहिलं होतं: 'तुमच्या शरीरातील विकास शस्त्रक्रियेद्वारे काढून टाकला जाईल.'

आमच्यातला एकजण ते मोठ्याने वाचून हसत सुटला. आम्हीही हसलो. परबबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला. विकास खोडून 'वाढ' केलं, तेही खोडलं. 'गाठ' लिहिलं.

"गाठ बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"प्रत्येक ग्रोथ गाठ नसते. काही नुसती सालीसारखी पसरलेली असतात. आणि गाठ म्हटलं की आपली माणसं सरळ कॅन्सरच समजतात, नसला तरी." त्यांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "तुमच्या घरी कुणाला झालं होतं? तेव्हा घरात काय म्हणायचे?"

हसणं थांबलं. गुजरातीचं काम करणाऱ्या हेतलने सांगितलं, तिच्या काकीचं. मी सांगितलं की माझी आजी म्हणायची, 'पोटात काहीतरी वाढलंय.' ती शेवटपर्यंत तेवढंच म्हणाली, नाव कधी घेतलं नाही. परबबाईंनी मान हलवली आणि पुटपुटायला सुरुवात केली. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकू आला. मेहुलभाई दोनदा येऊन गेले.

"परबबेन, आपल्याला स्पीड पाहिजे. एका शब्दावर किती बसणार?"

"हे ज्याच्या हातात पडेल ना मेहुलभाई, तो यावर रात्रभर बसणार आहे. मला अर्धा तास द्या."

शेवटी त्यांनी लिहिलं: 'तुमच्या शरीरात एका जागी नको असलेला भाग वाढला आहे. तो कसला आहे हे तपासल्यावरच कळेल. ऑपरेशन करून तो काढता येईल.' एका वाक्याची तीन झाली होती. मेहुलभाईंनी कपाळाला हात लावला, पण ती तीन वाक्यं तशीच छापली गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मी जातेय."

त्यांची शाळेतली मैत्रीण कुंदा कणकवलीजवळ एक शाळा चालवत होती. मुलींचं वसतिगृह होतं, इंग्रजी शिकवायला बाई हवी होती, राहायला खोली होती. कुंदा कितीतरी वर्षं बोलवत होती. आता बाईंनी हो कळवलं होतं आणि मेहुलभाईंना राजीनामाही दिला होता. चेहरा असा, जणू कुणाचं काहीतरी चोरून आणलंय. "यंत्राने लिहायचं आणि मी त्याच्या मागून पुसत फिरायचं, हे नाही जमत मला. तिथे निदान समोर पोरी असतील. एखादीला वाटेल तरी की हा शब्द असा का."

"दादा?"

"सांगितलं रविवारी."

"काय म्हणाले?"

त्यांनी दादांचा आवाज काढला. मालवणीत बोलताना त्यांचा खालचा ओठ दादांसारखाच पुढे यायचा. "'मगे माका जेवाक कोण वाढतला?'"

मला हसू आलं, पण त्यांचे डोळे बघून ते मावळलं.

"सगळ्या आयुष्यात त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, मुग्धा. आधी नुसतं सांगायचा. मी उत्तर दिलं. म्हटलं, डबेवाली लावते. बँकेत पैसे आहेत, शेजारी चांगले आहेत, मी महिन्याला येईन. तो उठून आत गेला. पण जाणार मी."

आम्ही त्यांच्या निरोपाला केक आणायचं ठरवलं. तो आणावा लागला नाही. दादांच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ते दाबून ठेवलं, बाईंना आधी वाटलं की नाटक आहे, आणि असं वाटल्याबद्दल पुढे त्या स्वतःला खूप बोलल्या. मग रक्त पडलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट समजून घ्यायला जायचं होतं तेव्हा त्यांनी मला फोन केला, "येशील का बरोबर? ऐकायला दोन कान जास्त असलेले बरे."

डॉक्टर तरुण होता. संगणकाच्या पडद्याकडे बघत, दादांना सोडून बाईंशी बोलत होता, तेही इंग्रजीत. बाईंनी पहिल्याच वाक्याला चांगल्या इंग्रजीत उत्तर दिल्यामुळे त्याला बरंच वाटलं असावं. आतड्यात ग्रोथ आहे, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, बहुधा ऑपरेशन. दादा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. एवढा रुंद माणूस खुर्चीत आक्रसून बसला होता.

"वासू, काय म्हणालो गो तो?"

मी परबबाईंकडे बघितलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आमच्या सगळ्यांच्या देखत त्यांनी ज्या शब्दाशी झटापट केली होती, तोच समोर येऊन बसला होता, आणि त्यांना बोलता येईना.

"ग्रोथ म्हणालो. माका ऐकाक इला. ग्रोथ म्हणजे वाढ मा?" दादांनी डॉक्टरकडे बघून उगाच हसल्यासारखं केलं. "म्हणजे बरा काय वायट?"

डॉक्टरने पडद्यावरून मान काढली. बाईंनी खुर्ची दादांकडे वळवली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा, तुझ्या आतड्यात गाठ आहे. कसली ते तपासल्यावर कळेल."

"कॅन्सर?"

"असू शकतो. नसूही शकतो. आत्ता कुणालाच माहीत नाही."

पुस्तिकेतली तीन वाक्यं त्यांना आठवली नाहीत असं नाही. नंतर मला म्हणाल्या, "ती वाक्यं परक्या माणसासाठी होती गं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता."

आम्ही खाली कँटीनमध्ये जाऊन बसलो. इडल्या आल्या, कुणी हात लावेना. दादांनी टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला. मग म्हणाले, "वासू, तू जा. कुंदा वाट बघता. माझा मी बघतंय."

परबबाईंचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. अख्खं कँटीन वळून बघायला लागलं.

"आत्ता म्हणतोस? आत्ता? दिल्लीच्या वेळी नाही म्हणालास. त्या रविवारी सांगितलं तेव्हा नाही म्हणालास. आणि आता म्हणतोस जा? आता कशी जाऊ रे मी? तूच सांग, कशी जाऊ?"

दादांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मग त्या बसल्या, इडलीचा एक तुकडा केला, सांबारात बुडवला आणि दादांच्या पुढे धरला. "खा. गोळ्या घ्यायच्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा मागे घेतला. मेहुलभाईंनी एक शब्द न बोलता तो परत दिला, हे त्यांच्या खाती जमा धरायला हवं.

तपासणीचा निकाल चांगला आला. कॅन्सर नव्हता. गाठ मोठी होती म्हणून ऑपरेशन करावंच लागलं, ते नीट पार पडलं. दादा महिनाभर घरी झोपून होते आणि मग उठून बसले, पूर्वीसारखे खणखणीत. दरम्यान कुंदाच्या शाळेला थांबता येईना, त्यांनी दुसरी बाई नेमली. बाईंनी मला पेढे आणून दिले. मी पेढा तोंडात टाकला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्ट वाचला ना, तेव्हा इतका आनंद झाला मला. खरंच झाला. मी डॉक्टरच्या पाया पडायची बाकी होते. आणि मग मेट्रोच्या पुलावर उभी राहून रडले. कशासाठी रडले ते विचारू नकोस. मला ठाऊक आहे, पण सांगितलं तर मी वाईट बाई ठरेन."

"तुम्ही वाईट नाही."

"तू लहान आहेस अजून," त्या म्हणाल्या. पेन्सिल बुचड्यात खोचून कामाला लागल्या.

आजारपणाने दादा बदलले मात्र. एक दिवस बाईंनी आश्चर्याने सांगितलं, "काल त्याने मला वाढलं. मी आले, ताट घेतलेलं. भाताच्या आधी आमटीच ओतली ताटात, पार काठापर्यंत. म्हटलं दादा, हे पिऊ की पोहू? पण जेवले मी सगळं." आम्हाला वाटलं, चला, बरं झालं. पण दुसरीही गोष्ट झाली होती. ज्या माणसाला बहीण लागायची ती ताट वाढायला, त्याला आता ती डोळ्यांसमोरच लागायला लागली. त्या खोकल्या तरी दादा घाबरायचे. भाजीला निघाल्या की चपला घालून तेही तयार. "आधी तो घरी बसून वाट बघायचा," बाई म्हणाल्या, "आता बरोबर येतो. आधी निदान वाट बघण्याएवढं तरी अंतर होतं."

आणि मग मेहुलभाईंनी गाळा सोडला. यंत्र आल्यापासून माणसं कमी झाली होती, भाडं परवडत नव्हतं, सगळ्यांनी घरूनच काम करायचं ठरलं. बाकीचे खूश झाले. अंधेरीची दगदग वाचली. हेतलने तर टाळ्या वाजवल्या. परबबाई आपला ड्रॉवर रिकामा करत होत्या. मी त्यांना मदत करायला गेले तर म्हणाल्या, "मदत नको. हळूहळू करू दे." शिपायाने किल्ल्या वाजवल्या तरी त्या उठल्या नाहीत. टेबलाच्या लाकडावरून हात फिरवत राहिल्या. मग पिशवी हातात घेऊन निघाल्या. जिन्यात खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास भरला होता. खाली रस्त्यावर दादा उभे होते, त्यांना न्यायला आलेले. घाटकोपरहून मेट्रोने. त्यांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली, आणि मला म्हणाले, "आता बरा झाला. घरात ऱ्हवतली."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं मला पुष्कळ दिवस पुरलं, आणि सुखाने पुरलं नाही.

मी नंतर नोकरी बदलली. कधीमधी फोन व्हायचा. त्या दबक्या आवाजात बोलायच्या, मागे टीव्ही चालू असायचा, आणि दोन वाक्यं झाली की "ठेवते गं" म्हणायच्या. मग फोनही कमी झाले. त्यांचा विचार आला की मला घुसमटल्यासारखं व्हायचं, म्हणून मी तो फारसा येऊ देत नसे.

यंदा उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या पाठीसाठी पोहायला सांगितलं. मुलुंडला पालिकेच्या तरणतलावात दुपारी बायकांची वेगळी बॅच असते, तिथे नाव घातलं. पहिल्या दिवशी गेले, तर फाटकापाशी कडुलिंबाच्या सावलीत बाकावर एक उंच म्हातारा माणूस बसला होता. मांडीवर टॉवेल आणि बायकी चपलांचा जोड. मी पुढे गेले आणि थबकून मागे फिरले.

"दादा?"

"कोण? मुग्धा मा तू?" त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "वासू आत आसा. माका सोडणत नाय आत. लेडीज टायम. तासभर हय बसूचा." मग खालच्या आवाजात, गुपित सांगावं तसं म्हणाले, "पाणी खूप खोल आसा काय गो?"

"नाही दादा. शिकणाऱ्यांच्या बाजूला कमरेएवढंच असतं."

"घाटकोपराक जागा नाय गावली म्हणून हय येता. माका इचारूक पण नाय तिना. नाव घालून इली." त्यांनी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मी आत गेले. कपडे बदलून बाहेर आले तर उथळ बाजूला नवशिक्या बायकांची रांग भिंतीच्या दांडीला धरून उभी होती. निळ्या टोप्या, काळे पोशाख, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. शेवटची तेवढी सगळ्यांत ठेंगणी. दोन्ही हातांनी दांडी एवढी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. चष्मा नव्हता, त्यामुळे डोळे मिचमिचे. शिकवणारी मुलगी काठावरून ओरडत होती, "मावशी, हात सोडा! काही होत नाही. पाय टेकतायत ना खाली? हात सोडा!"

"सोडते गं, सोडते," परबबाई म्हणत होत्या. "ओरडू नकोस, यार."

पण सोडत नव्हत्या. शेजारच्या बायका एकेक करून पुढे सरकल्या, पाणी उडवत, किंचाळत, हसत. त्या एकट्याच भिंतीशी राहिल्या. ओठ हलत होते. लांबूनही मला कळलं की त्या पुटपुटतायत.

मी काठाशी जाऊन हाक मारली, "परबबाई!"

त्यांनी मान वळवली. डोळे बारीक करून बघितलं, आधी ओळख पटली नाही. मग पटली. तोंडभर हसू आलं आणि त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

काठावरची मुलगी एकदम गप्प झाली. तिने मला खूण केली, काही बोलू नका म्हणून.